पायाची धमनी बंद पडल्यावर तिच्याच भिंतीतल्या वाहिन्या किती रक्त नेतात?

कापूसवेचा, सेलू

माझा चुलतभाऊ ३६ वर्षांचा आहे. गळीत हंगामात तो ट्रॅक्टरने ऊस वाहतो आणि मिसरूड फुटायच्या आधीपासून बिडी ओढतो. गेल्या पावसाळ्यापासून चालताना त्याच्या उजव्या तळपायाच्या कमानीत कळ येऊ लागली. पुढे अंगठ्याच्या टोकाला झालेली जखम भरेना आणि आता ते टोक काळे पडले आहे. छत्रपती संभाजीनगरला अँजिओग्राफी झाली. गुडघ्यामागची धमनी स्वच्छ आहे, नडगीतल्या दोन्ही टिबिअल धमन्या मध्यावर एकाएकी बंद होतात आणि त्यांच्याभोवती कॉर्कस्क्रू कोलॅटरल्स, म्हणजे स्क्रूसारख्या वेटोळ्या पर्यायी वाहिन्या, दिसतात, असे रिपोर्टमध्ये लिहिले आहे. निदान बर्जरच्या आजाराचे आहे, म्हणजे तंबाखूशी निगडित, पायाच्या धमन्या गुठळीने बंद पडण्याच्या आजाराचे. डॉक्टरांनी आम्हाला पडद्यावर चित्र दाखवले, तेव्हा जिथे धमनीची सरळ रेघ संपत होती तिथूनच एक बारीक, वेटोळी घेत जाणारी रेघ खाली उतरताना मीही पाहिली. धमनीच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या ज्या सूक्ष्म वाहिन्या असतात, ज्यांना व्हासा व्हासोरम म्हणतात, त्याच फुगून रक्त खाली नेत आहेत, असे त्यांनी सांगितले.

उपचार चालू आहेत, त्यामुळे औषधांचा सल्ला मी मागत नाही. मला दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. शरीराने स्वतःच पर्यायी मार्ग काढला असेल, तर अंगठा काळा का पडला? आणि याच वाहिन्या धमनीच्या भिंतीत साठलेल्या चरबीच्या थरात शिरून आजार वाढवतात असेही वाचनात आले, मग त्यांना आधार मानायचे की अपाय?

मुकादम

वाचनखूण साठवली आहे. जाणकार मंडळी येईपर्यंत माझा एकच प्रश्न: बिडी सुटली का?

कापूसवेचा, सेलू

बिडी सुटली. मळलेली तंबाखू चालू आहे. "धूर पोटात जात नाही, मग काय होतंय" असे त्याचे म्हणणे आहे.

रक्तवाहिनी_सर्जन

सर, मूळ प्रश्नाकडे वळण्याआधी या म्हणण्याचे उत्तर देतो, कारण वेळ त्यातच जाते. बर्जरच्या आजारात धूर आणि चघळणे असा भेद करता येत नाही. तंबाखू कोणत्याही वाटेने शरीरात गेली तरी आजार जागा राहतो. या आजारात तंबाखू पूर्ण सोडण्याइतका खात्रीचा दुसरा उपाय नाही, आणि "पूर्ण" या शब्दात मळलेली तंबाखू, मिश्री आणि गुटखा हे सगळे आले.

आता भिंतीतल्या वाहिन्यांविषयी. धमनीच्या भिंतीचे तीन थर असतात. आतला थर आणि त्यालगतचा मधल्या थराचा भाग पोकळीतून वाहणाऱ्या रक्तातूनच थेट प्राणवायू घेतो. भिंत जाड असेल तर बाहेरच्या भागापर्यंत तो पोहोचत नाही, म्हणून बाहेरच्या आवरणातून बारीक वाहिन्या आत शिरतात. वोलिन्स्की आणि ग्लॅगोव्ह यांनी १९६७ मध्ये निरनिराळ्या सस्तन प्राण्यांच्या महाधमन्या तपासल्या, तेव्हा मधल्या थरात लवचीक पडद्यांचे साधारण २९ पदर होईपर्यंत, म्हणजे सुमारे अर्धा मिलीमीटर जाडीपर्यंत, त्या थराला स्वतःच्या वाहिन्या लागत नाहीत आणि त्यापुढे लागतात, असे त्यांना आढळले. नडगीच्या धमन्या याहून पातळ असतात, त्यामुळे निरोगी अवस्थेत त्यांच्या या वाहिन्या मुख्यतः बाहेरच्या आवरणातच पसरलेल्या असतात.

या वाहिन्यांचे मूळ काम रक्त पायापर्यंत नेणे हे नाही. त्या भिंतीला जगवतात. कुत्र्यांच्या छातीतल्या महाधमनीच्या या वाहिन्या बांधून पाहिल्या, तेव्हा पोकळीतून रक्त व्यवस्थित वाहत असूनही मधल्या थरातल्या पेशी मेल्या. जुन्या उपदंशात छातीतली महाधमनी फुगते, त्याचे कारणही याच वाहिन्या आतून बुजतात हे आहे. बर्जरमध्ये मुख्य पोकळी गुठळीने बंद होते, बाहेरच्या आवरणातले हे जाळे मात्र पुष्कळदा शिल्लक राहते. गुठळीच्या वरचा दाब जास्त आणि खालचा कमी असल्याने रक्त त्या जाळ्यातून वाट काढते, आणि वर्षानुवर्षांच्या ओघाने त्या वाहिन्या रुंदावतात, लांबतात, म्हणून वेटोळ्या दिसतात. या चित्राला मार्टोरेलची खूण असेही म्हणतात. ते बर्जरमध्ये ठळक दिसत असले तरी स्क्लेरोडर्मासारख्या (कातडी ताठ करणाऱ्या) काही आजारांतही दिसू शकते, त्यामुळे केवळ वेटोळ्यांवरून निदान करत नाहीत.

प्रमेय, नांदेड

मी भौतिकशास्त्र शिकवतो, वैद्यकातले मला काही कळत नाही, पण "किती रक्त नेतात" या शीर्षकाला आकड्यांत उत्तर देता येते. नळीतून सरळ वाहणाऱ्या द्रवाचा ओघ त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. समजा नडगीची धमनी अडीच मिलीमीटर रुंद आहे आणि वेटोळी घेणारी वाहिनी अर्धा मिलीमीटर. रुंदीचे गुणोत्तर ५, त्याचा चौथा घात ६२५. लांबी आणि दाब सारखे धरले तर एका धमनीचा ओघ भरून काढायला अशा ६२५ वाहिन्या लागतील. वेटोळ्यांमुळे लांबी दुप्पट झाली असेल, तर आणखी दुप्पट.

याच सूत्राची दुसरी बाजू मला अधिक महत्त्वाची वाटते. तीच वाहिनी अर्ध्या मिलीमीटरची एक मिलीमीटर झाली, तर तिचा ओघ १६ पट होतो. म्हणजे जुनी एक दुप्पट रुंद होणे हे तशाच नव्या १५ वाहिन्या फुटण्याइतके कामाचे. रक्त हे पाण्यासारखे साधे द्रव नाही हे मला माहीत आहे, तरी ढोबळ अंदाजाला हे गणित पुरावे.

निवृत्त_कालवानिरीक्षक, पैठण

प्रमेय सर, जायकवाडीच्या कालव्यावर नोकरी झाली, त्यामुळे हे लगेच पटले. मुख्य कालव्यात भगदाड पडून तो बंद झाला की शेजारच्या चाऱ्यांतून पाणी फिरवता येते, पण टोकाच्या शेतापर्यंत ते पोहोचत नाही. वरच्या शेतकऱ्यांचे भिजते आणि खालचे माझ्याकडे तक्रार घेऊन यायचे. अंगठा म्हणजे टोकाचे शेत.

रक्तवाहिनी_सर्जन

काका, उदाहरण चपखल आहे, पण एका ठिकाणी ते अपुरे पडते. तुमच्या कालव्याचे टोक निदान उघडे असते. बर्जरमध्ये आजाराची सुरुवातच बहुधा तळपायाच्या आणि बोटांच्या बारीक धमन्यांपासून होते आणि तो वर सरकत जातो. वेटोळी वाहिनी घोट्यापर्यंत रक्त घेऊन येते खरी, पण पुढे ज्या धमनीत ते ओतायचे ती धमनीच बंद असते. कापूसवेचा सरांच्या पहिल्या प्रश्नाचे निम्मे उत्तर हे आहे.

उरलेले निम्मे गरजेशी निगडित आहे. धडधाकट कातडीला जिवंत राहायला फार थोडे रक्त पुरते. तिलाच जखम झाली की ती भरून काढायला कितीतरी जास्त रक्त लागते. म्हणून असा रुग्ण महिनोन्‌महिने काळ्या न पडलेल्या, फक्त दुखणाऱ्या पायावर वावरतो, आणि एक दिवस नख कापताना टोचते, चप्पल चावते किंवा उसाच्या पाचटाचे धारदार पाते लागते, तिथून पाय हाताबाहेर जातो. आधीचा तुटपुंजा पुरवठा तेवढाच असतो, मागणी मात्र एकदम वाढलेली असते.

काचपट्टी

मी विकृतिशास्त्र शिकवते, त्यामुळे कापाव्या लागलेल्या पायांच्या धमन्या माझ्याकडे येतात. बर्जरच्या पायाचा आडवा छेद सूक्ष्मदर्शकाखाली धरला की पहिल्यांदा आतल्या बाजूची लवचीक पडद्याची नागमोडी रेघ दिसते, आणि ती जवळजवळ अखंड असते. चरबीच्या आजारात, म्हणजे धमनीच्या भिंतीत चरबी साठते त्या आजारात, हीच रेघ ठिकठिकाणी तुटलेली, दुभंगलेली असते. रेघेच्या आत जिथे पोकळी हवी, तिथे जुनी गुठळी घट्ट धाग्यांनी भरलेली असते आणि तिच्यात चार-पाच बारीक छिद्रे असतात, प्रत्येकाला स्वतःचे अस्तर. गुठळीतून शरीराने पाडलेल्या या नव्या वाटा आहेत. रेघेच्या बाहेर, आवरणात, जाड भिंतीच्या वाहिन्या दाटीने दिसतात. सर्जन ज्या वेटोळ्यांविषयी सांगत आहेत, त्या बहुतांशी याच. मात्र चित्रातले प्रत्येक वेटोळे भिंतीतलेच असते असा आग्रह मी धरणार नाही, शेजारच्या स्नायूंना आणि मज्जातंतूंना रक्त पुरवणाऱ्या फांद्याही फुगून त्यात मिसळतात.

अजून एक गोष्ट विद्यार्थ्यांना मी आवर्जून दाखवते. जुन्या आजारात बाहेरचे आवरण इतके आवळते की धमनी, शेजारची नीला आणि मज्जातंतू एकाच तंतुमय गाठोड्यात बांधले जातात. या रुग्णांना रात्री पाय खाटेवरून खाली सोडून बसावे लागते, इतक्या कळा का येतात, त्यामागे रक्ताच्या कमतरतेइतकाच या बांधल्या गेलेल्या मज्जातंतूचाही हात असावा, असे मला वाटते.

नांदेडची_लेक

माझ्या वडिलांना २० वर्षांपासून शुगर आहे. त्यांचा पाय दुखतो, घोट्याला नाडी लागत नाही, तरी घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचे गुणोत्तर १.५ आले आणि तपासणाऱ्याने "एकदम छान" म्हणून सांगितले. त्यांच्या धमनीभोवतीही अशा वाहिन्या वाढल्या असतील का?

रक्तवाहिनी_सर्जन

ताई, १.५ हा आकडा छान नाही. हे गुणोत्तर ०.९ किंवा त्याहून कमी आले तर धमनी तुंबलेली समजतात, पण १.४ च्या वर गेले तर धमनीची भिंत कडक झाल्यामुळे रक्तदाब मोजायच्या पट्ट्याने ती दाबलीच जात नाही, असा त्याचा अर्थ होतो. जुन्या मधुमेहात मधल्या थरात चुना साठतो, त्यामुळे असे होते. अशा वेळी अंगठ्याचा दाब मोजावा लागतो, कारण बोटांच्या धमन्यांत हा कडकपणा सहसा तेवढा नसतो. वडिलांना एकदा रक्तवाहिन्यांच्या तज्ज्ञाला दाखवा आणि तोवर रोज रात्री त्यांचे तळवे स्वतः पाहा.

वाहिन्यांबाबत: इथे कापूसवेचा सरांचा दुसरा प्रश्न येतो. चरबीच्या आजारात भिंत आतून जाड होत जाते. पोकळीतल्या रक्तातला प्राणवायू त्या जाडीच्या मध्यापर्यंत पोहोचत नाही, तिथल्या पेशी गुदमरतात आणि वाहिन्या वाढवणारी रसायने सोडतात. त्या हाकेला ओ देऊन बाहेरच्या आवरणातल्या वाहिन्या थरात शिरतात. बार्जर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये हृदयाच्या धमन्यांबाबत ही कल्पना ठळकपणे मांडली. या नव्या वाहिन्यांची भिंत कच्ची असते, ती गळते आणि फुटते. सांडलेल्या तांबड्या पेशींच्या पडद्यात भरपूर कोलेस्टेरॉल असते, त्यामुळे ज्या थराला जगवायला त्या आल्या तोच थर त्या फुगवतात. हे हृदयाच्या आणि मानेच्या धमन्यांत चांगले तपासलेले आहे. मांडीच्या धमनीतही असे थर असतात.

गुडघ्याखाली मात्र गोष्ट वेगळी असू शकते. २०१८ मध्ये अमेरिकेत कापलेल्या पायांच्या धमन्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गुडघ्याखालच्या पुष्कळ बंद धमन्यांत चरबीचा थर नाममात्र होता आणि पोकळी गुठळीने भरलेली होती. तेव्हा त्या सगळ्यांचे खापर भिंतीतल्या वाहिन्यांवर फोडता येणार नाही. थोडक्यात, बर्जरमध्ये त्या जमेल तेवढे रक्त वाहतात आणि चरबीच्या आजारात त्या भिंतीत घुसून नासधूस करू शकतात. जागा आणि आजार सांगितल्याशिवाय आधार की अपाय हे सांगता येत नाही.

वैद्य_मांजराकाठ

मांजरा खोऱ्यात माझी प्रॅक्टिस आहे. या चर्चेत औषधी काढ्यांचा उल्लेखच नाही. रक्ताभिसरण वाढवणारी द्रव्ये दीर्घकाळ दिल्यास नैसर्गिक बायपास तयार होतो, असा माझा अनुभव आहे. माझ्या तीन रुग्णांचे पाय वाचले.

बालाघाटी

वैद्यराज, आदर ठेवून विचारतो, त्या तिघांनी तंबाखू सोडली होती का?

वैद्य_मांजराकाठ

अर्थात. तंबाखू सुटल्याशिवाय मी औषधच सुरू करत नाही.

बालाघाटी

मग श्रेय काढ्याला द्यायचे की पथ्याला, हे कसे ठरवायचे? तुमच्या पथ्याबद्दल मला आदरच आहे. उलट आमच्या तालुक्यात बाकीच्यांनीही ही अट घातली असती, तर माझ्या मित्राचा दुसरा पाय राहिला असता.

मुकादम

तात्पर्य, काढा ऐच्छिक, अट अनिवार्य. आमच्या टोळीत हे फर्मान काढायचे तर आधी मलाच पुडी टाकावी लागेल.

चालताबोलता, लातूर

मी फिजिओथेरपिस्ट आहे. प्रमेय सरांच्या सोळा पटीच्या हिशोबावरून सांगतो. मांडीची धमनी गुडघ्याच्या वर, मांडीच्या आतल्या बाजूच्या स्नायूंखालून जाणाऱ्या बोगद्यात सगळ्यात जास्त वेळा बंद पडते. तेव्हा रक्त मांडीच्या खोल धमनीतून गुडघ्याभोवतीच्या फांद्यांत येते. या फांद्या जन्मापासूनच असतात. त्यांतून ओघ वाढला की भिंतीवर रक्ताचे घर्षण वाढते आणि त्या रुंदावतात. चालण्याच्या व्यायामाचा एक आधार हा आहे, जरी स्नायू कमी प्राणवायूत काम करायला शिकतात हा भागही तेवढाच मोठा असावा.

व्यायाम कसा करायचा हे मात्र नीट समजून घ्यावे लागते. पोटरीत बऱ्यापैकी कळ येईपर्यंत चालायचे, कळ पूर्ण जाईपर्यंत थांबायचे, पुन्हा चालायचे. थांबण्याचा वेळ धरून ३० ते ४५ मिनिटे, आठवड्यातून किमान तीन वेळा, किमान १२ आठवडे. आमच्याकडचे रुग्ण "चालतो की रोज शेतात" म्हणतात, पण ते कळ येण्याआधीच धुऱ्यावर बसलेले असतात. कापूसवेचा सर, हे तुमच्या भावासाठी नाही. ज्याच्या पायाला उघडी जखम आहे किंवा जो बसल्याजागी कळवळतो, त्याला असे चालवत नाहीत.

बालाघाटी

मित्राच्या आजारपणात इंजेक्शनने पायात नव्या वाहिन्या उगवतात, असे आम्हाला एकाने सांगितले होते. त्याचे पुढे काय झाले?

रक्तवाहिनी_सर्जन

वाहिन्या वाढवणाऱ्या प्रथिनाचे जनुक स्नायूत टोचण्याचे बरेच प्रयोग झाले. त्यांतला टॅमॅरिस हा मोठा प्रयोग २०११ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात ५२५ रुग्ण होते, आणि पाय कापावा लागण्याचे किंवा मृत्यूचे प्रमाण त्या इंजेक्शनने कमी झाले नाही. प्रमेय सरांच्या गणितात त्याचे एक कारण दडलेले असावे असे माझे मत आहे. अशा औषधाने जे फुटते ते बव्हंशी केशवाहिन्यांचे जाळे असते. रक्त वाहून आणणारा मार्ग रुंद झाला नाही, तर टोकाला जाळे दाट करून त्यात वाहायला रक्त कुठून येणार? संशोधन थांबलेले नाही, मूलपेशींवरही काम चालू आहे, पण कोणी हमी देऊन लाखांत पैसे मागत असेल तर दुसऱ्या तज्ज्ञाचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नका.

कापूसवेचा, सेलू

सर्वांचे मनापासून आभार. मूळ प्रश्नाला जोडून एक शंका राहते. भावाला बायपासचा विचार होऊ शकतो का असे आम्ही विचारले, तेव्हा डॉक्टर "खाली जोडायला जागा नाही" म्हणाले, त्याचा अर्थ वरच्या प्रतिसादांमुळे आता समजला. पण धमनीत फुगा फुगवून किंवा शस्त्रक्रियेने ती उघडायचा प्रयत्न केला, तर भिंतीतल्या या वाहिन्यांना इजा होऊन आहे तो पुरवठाही जाईल का? शिवाय पायाची शीर काढून बायपाससाठी वापरतात, तिलाही स्वतःच्या अशा वाहिन्या असतील, त्यांचे काय होते?

रक्तवाहिनी_सर्जन

दोन्ही शंका रास्त आहेत. फुगा धमनीची भिंत ताणतो, तिच्यात चिरा पाडतो, आणि त्यात बाहेरच्या आवरणाला धक्का लागू शकतो. बर्जरमध्ये आम्ही हात आखडता घेतो त्याचे हेही एक कारण आहे, पण जखम भरत नसेल आणि पाय जाण्याची वेळ आली असेल तर तो धोका पत्करून प्रयत्न केला जातो. काही महिन्यांनी धमनी पुन्हा बुजली तरी तेवढ्या काळात जखम भरून आलेली असते, आणि भरलेल्या कातडीला पुन्हा थोडक्यात भागते.

शिरेविषयी. नीलेतले रक्त कमी प्राणवायूचे असल्याने तिच्या भिंतीतल्या वाहिन्या धमनीच्या मानाने अधिक आतपर्यंत पोहोचलेल्या असतात. पारंपरिक पद्धतीत शीर काढताना तिच्याभोवतीची चरबी सोलून टाकतात आणि पाणी भरून ती फुगवून पाहतात, त्यात या वाहिन्या तुटतात. स्वीडनमधल्या ओरेब्रो इथे सौझा यांनी १९९० च्या दशकात भोवतालच्या चरबीसकट, न फुगवता शीर काढण्याची पद्धत रुजवली. हृदयाच्या बायपासमध्ये अशा शिरा अधिक काळ उघड्या राहतात असे त्यांच्या गटाला दिसले. तोटा असा की पायावरचा चिरा मोठा होतो आणि तो चिघळण्याची भीती वाढते. ज्या पायाला मुळात रक्तच कमी येते, त्याच पायावर असा चिरा घ्यायचा की दुसऱ्या पायाची शीर वापरायची, हे रुग्ण पाहूनच ठरवावे लागते. अंगठ्याचे काळे टोक कोरडे असेल तर ते कापायची घाई नसते. ओले झाले, वास येऊ लागला किंवा ताप आला, तर मात्र त्याच दिवशी घेऊन या.

काचपट्टी

एक पुरवणी. टोक कापावे लागलेच तर काढलेला भाग तपासणीला पाठवायला सांगा. वय आणि तंबाखू पाहून बर्जर म्हटले जाते आणि ते बहुधा बरोबर निघते, पण ती नागमोडी रेघ अखंड आहे की तुटलेली हे काचेवरच कळते, आणि तुटलेली निघाली तर कोलेस्टेरॉल आणि शुगरकडे नव्याने पाहावे लागेल.

कापूसवेचा, सेलू

नोंद घेतली. गुरुवारी ड्रेसिंगला जायचे आहे, तेव्हा डॉक्टरांना हे विचारतो. तंबाखूची डबी वहिनींनी ताब्यात घेतली आहे. आता पानटपरीवाल्याशी बोलायचे बाकी आहे.